पाच महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यातील आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाचे काम सुरू असल्यामुळे तेथे गाडी ठेवायला जागा नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आपण उभयता मुलीकडे कॅनडाला जाणार आहात, आणि तोवर आपली सहा वर्षांची पेट्रोल गाडी चिपळूणजवळच्या गावी, घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवण्याचा विचार आहे. गेल्या वर्षी त्याच शेडमध्ये ती जेमतेम दीड महिना उभी होती, तेवढ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडले आणि अकरा हजारांचे बिल झाले. यंदा डांबर गोळ्या, तंबाखूची पाने, बाजारातला फवारा आणि आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र यांपैकी नेमके काय वापरावे, असे आपण विचारले आहे. शेडमध्येच पेंढा, नारळ आणि कोंबड्यांचे खाद्य असते, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात गेली २४ वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. उंदराने खाल्लेल्या वायरिंगच्या गाड्या माझ्याकडे बारा महिने येतात, पण त्यांची रीघ लागते ती दोनदा. पहिल्यांदा पावसाळा सुरू झाल्यावर, बिळांत पाणी शिरते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा भातकापणीनंतर, शेत मोकळे होऊन शेतातले उंदीर दाण्याच्या मागोमाग घराकडे सरकतात तेव्हा. आपण गाडी ठेवणार आहात ती नेमकी या दुसऱ्या वेळी, आणि ज्या शेडमध्ये कापणीनंतरचा पेंढा येऊन पडतो त्याच शेडमध्ये. त्यामुळे ‘काय फवारावे’ हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो आणि ‘गाडी कोठे उभी करावी’ हा पुढे घेतो. उंदीर गाडीसाठी शेडमध्ये येत नाही. तो खाण्यासाठी येतो आणि खाण्यापासून चार पावलांवर त्याला अंधारी, कोरडी, वरून झाकलेली आणि खालून उघडी अशी आयती खोली मिळते. बोनेटखालची जागा त्याच्या नजरेने पाहिली तर यापेक्षा चांगले घर त्याला कोणी बांधून दिले नसते.

उंदीर वायर का खातो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. तो वायर खात नाही, कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवणे त्याला भागच असते, आणि बोटाएवढ्या जाडीच्या आतली, दाताखाली किंचित दबणारी कोणतीही वस्तू त्याला त्यासाठी चालते. नव्या गाड्यांच्या वायरींचे आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर येतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते आणि अमेरिकेत त्यावरून खटलेही झाले. मी एवढेच सांगू शकतो की सोयाबीनचे नावही कोणी काढत नव्हते त्या काळातल्या जीपगाड्यांची वायरिंग मी तितक्याच वेळा बदललेली आहेत. फरक असा की त्या गाड्यांत एक वायर तुटली तर एक दिवा जात असे. आता इंजेक्टरची किंवा सेन्सरची एक वायर तुटली की इंजिनाचा दिवा लागतो, गाडी धक्के खाते किंवा सुरूच होत नाही, आणि सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उघडून ती वायर शोधण्याचीच मजुरी मोठी होते.

प्रत्यक्ष काय दिसते ते सांगतो, म्हणजे गेल्या वर्षी आपल्या गाडीत काय घडले असेल याचा अंदाज येईल. गेल्या मार्चमध्ये एक गाडी टो करून आणली होती. बोनेट उघडले तेव्हा इंजिनाच्या वर, हवेच्या पाइपाच्या खोबणीत, ओंजळीएवढे घरटे होते. त्यात नारळाचा काथ्या, सुपारीच्या सोलांचे धागे, बोनेटच्या आतल्या अस्तराचा पिंजलेला कापूस, वर्तमानपत्राच्या नखाएवढ्या चिंध्या आणि लहान मुलाचा एक पायमोजा असा ऐवज होता. घरट्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरातल्या चार वायरी तोडलेल्या होत्या, आणि त्यांची टोके पेन्सिलीला टोक काढावे तशी तिरकी, आतले तांबे लख्ख चमकत असलेली. त्यापलीकडच्या वायरी मात्र शाबूत होत्या. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेले आहे : नासधूस घरट्याच्या भोवतीच होते. म्हणजे उंदराला गाडीत घर करू दिले नाही तर बहुतेक नुकसान टळते. तो अधूनमधून येऊन हुंगून गेला तर सहसा फारसे बिघडत नाही.

शेडमध्ये कोण आहे हे आधी ओळखावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे तीन ते सहा मिलिमीटरची असेल, तर ती लहान घरउंदराची. त्याला पेन्सिल जाईल एवढी सहा मिलिमीटरची फट पुरते आणि तो गाडीच्या आत, सीटखाली आणि डॅशबोर्डमागेही जातो. लेंडी अर्धा इंच किंवा त्याहून मोठी असेल, तर तो मोठा काळा उंदीर. हा चढण्यात पटाईत असतो, माडावरची शहाळी पोखरतो तोच हा, आणि शेडमध्ये तो जमिनीवरून जितका येतो तितकाच वाशांवरून येतो. शेडच्या कडेला मातीचा ताजा ढिगारा आणि मूठभर रुंदीचे बीळ दिसले तर ती घूस आहे. उग्र वासाची, लांब नाकाची चिचुंद्री दिसली तर तिला मारू नये. ती किडे खाणारी आहे, वायरिंगशी तिचे काही देणेघेणे नसते. आणि बोनेटखाली घरटे असून नुकसान दिवसाढवळ्या होत असेल, तर संशय खारीवर घ्यावा. आमच्याकडे खारीने काथ्या भरून ठेवलेला एअर फिल्टर मी एकदा नव्हे, चार वेळा साफ केला आहे.

आता जागेविषयी. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोकणात कोरडा काळ आहे, अवकाळी सर सोडली तर पावसाची भीती नाही. म्हणून माझा सल्ला बहुतेकांच्या सल्ल्याच्या उलट आहे : गाडी शेडमध्ये ठेवूच नये, पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उघड्यावर, कोणत्याही भिंतीपासून, दगडी गडग्यापासून आणि पेंढ्याच्या उडवीपासून किमान दहा फूट मोकळी जागा सोडून उभी करावी. उंदीर भिंतीच्या कडेकडेने, मिशा भिंतीला लावून चालणारा प्राणी आहे; घुबड आणि मांजर यांच्या भीतीने मोकळे, उजेडाचे मैदान ओलांडायला तो कचरतो. उन्हाने रंग, डॅशबोर्ड आणि टायर यांचे थोडे नुकसान होते हे मला मान्य आहे. त्यासाठी हवा खेळती राहील असे फिक्या रंगाचे सुती आवरण घालावे आणि ते चाकांच्या निम्म्याच्या वरच थांबेल असे बांधावे. जमिनीपर्यंत लोळणारे जाड प्लास्टिकचे आवरण म्हणजे उंदरासाठी उभारलेला तंबू असतो. माड किंवा आंब्याची फांदी गाडीवर येणार नाही हे पाहावे; माडाखाली ठेवलेल्या गाडीचे टप मी दोनदा नारळाने बसलेले पाहिले आहे, आणि फांदीवरून उंदीर उतरतो तो वेगळाच.

खळ्यात गाडी ठेवण्याचा दुसरा फायदा असा की तिच्याभोवती पत्र्याचे कुंपण करता येते. ही कल्पना माझी नाही. उंदीर चढू नयेत म्हणून माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकलेला आपण गावी पाहिला असेल; नख रोवायला जागा मिळाली नाही की उंदीर तिथूनच परत फिरतो. तोच न्याय गाडीला लावायचा. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असे साधे, पन्हळी नसलेले, गॅल्व्हनाइज्ड पत्रे घ्यावेत. मध्यम आकाराच्या गाडीच्या चारही बाजूंना दोन-अडीच फूट जागा सोडून वेढायला आठ पत्रे पुरतात. पत्रा आडवा धरून त्याची खालची सहा ते आठ इंच कड जमिनीत गाडावी, म्हणजे खालून उकरून येणे अवघड होते, आणि वर सुमारे सव्वातीन फूट राहतो, ही उंची उंदराच्या उडीबाहेरची आहे. आधाराचे खुंट आतल्या बाजूने लावावेत, सांध्यांवर पत्रे वीतभर एकमेकांवर घ्यावेत, आणि बाहेरून कोणीही फळी, शिडी किंवा सायकल त्याला टेकवून ठेवू नये. तशी एक टेकवलेली वस्तू सगळ्या खर्चावर पाणी फिरवते. पत्र्याची वरची कड हात कापते, ती दुमडून घ्यावी.

हे कुंपण घालण्यापूर्वी मात्र गाडीत आधीच कोणी राहत नाही ना, याची खात्री करावी लागते. नाहीतर आपण चोराला घरात कोंडून बाहेरून कडी लावल्यासारखे होईल. त्यासाठी मी साधी रांगोळी वापरतो. संध्याकाळी चारही चाकांभोवती आणि इंजिनाच्या बरोबर खाली जमिनीवर फरशीचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरावा. सकाळी तिरक्या उजेडात पाहिले की चार बोटांच्या पुढच्या पावलांचे ठसे आणि त्यांच्यामधून ओढत गेलेली शेपटीची बारीक रेघ स्पष्ट दिसते, आणि ठसे आत जाणारे आहेत की बाहेर येणारे हेही कळते. पीठ वापरू नये, ते खायलाच उंदीर येतील. सलग तीन रात्री रांगोळी कोरी राहिली की मगच शेवटचा पत्रा बसवावा. त्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी गावी पोहोचून चालणार नाही; हाताशी आठवडा तरी ठेवावा.

खळे नसेल, किंवा घरच्यांना ते सुपारी वाळवायला हवे असेल, तर शेडमध्ये ठेवणे भाग आहे. मग निदान पेंढा, नारळ आणि खाद्य तिथून हलवावे. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, प्लास्टिकचे पिंप उंदीर दोन रात्रींत पोखरतो. शेडच्या छपराला टेकणाऱ्या फांद्या तोडाव्यात. बोनेट पूर्ण उघडून, आडव्या दांड्यावर टेकवून ठेवावे आणि शेडमध्ये रात्रभर एक दिवा चालू ठेवावा. उघडी, उजेडाची जागा घरट्यासाठी त्याला नको असते. या उपायाची खात्री मी खळ्याइतकी देणार नाही. ज्या शेडमध्ये खाणे नव्हते तिथे तो चालला, आणि जिथे शेजारीच भाताची पोती होती तिथे दोन आठवड्यांनी उंदीर दिव्याला सरावले.

गाडीची स्वतःची तयारी यानंतर येते, आणि तिच्यात सर्वांत आधी धुणे. गेल्या वर्षी आपण वायरिंग दुरुस्त करून घेतलेत, पण इंजिनाची जागा धुतली का? उंदराच्या मुताचा वास पुढच्या उंदराला वाट दाखवतो, आणि दुरुस्त झालेली पण न धुतलेली गाडी वर्षभरात पुन्हा माझ्याकडे येते. जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. आल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि कपलर (वायरींचे जोड) प्लास्टिकने झाकून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून काढावे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत आणि ब्लोअरने उडवू नयेत. हातमोजे आणि मास्क घालून, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यांच्यावर शिंपडून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने उचलावे, आणि ब्लीच धातूवर राहू देऊ नये. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हातावर साधा ओरखडा असेल तरी तेवढे पुरते. कोकणात याची आठवण कोणाला करून द्यावी लागू नये, पण गॅरेजमधली मुले आजही उघड्या हातांनी घरटी उचलतात.

गाडीच्या आत खाण्याचा कणही राहता कामा नये. आपण मोठ्या वस्तू काढतोच. राहतात त्या सीटच्या फटीतले शेंगदाणे, मागच्या खिशातले बिस्किटाचे पुडे, डॅशबोर्डवरच्या देवापुढची खडीसाखर आणि डिकीत विसरलेला पूजेचा नारळ. टिश्यूचा डबा, जुनी वर्तमानपत्रे, सुती फडकी हीही काढावीत, कारण ती घरट्याचे सामान आहे. कागदपत्रे सोबत न्यावीत. बॅटरी काढण्यापूर्वी एसीची कळ आतलीच हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवावी, म्हणजे बाहेरच्या हवेचा पडदा बंद राहतो. काचेखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीतून उंदीर आत उतरतो, केबिन फिल्टर फाडतो आणि ब्लोअरमध्ये घर करतो. मग एसी लावला की जो वास येतो तो कोणत्याही सुगंधी डबीने झाकत नाही. त्या प्लास्टिकच्या जाळीखाली सहा मिलिमीटर भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी कापून, प्लास्टिकच्या टायने बांधून घ्यावी. ही कायम राहू दिली तरी चालते. एअर फिल्टरच्या हवा ओढणाऱ्या तोंडात आणि सायलेन्सरच्या टोकात स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबावी. दोन्ही ठिकाणची घासणी परत येऊन काढायची आहे, म्हणून कोंबतानाच स्टिअरिंगला लाल फीत बांधावी आणि तिच्यावर ‘दोन घासण्या’ असे लिहून ठेवावे. हे मी गमतीने सांगत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवणे हा माझ्या यादीतला अपरिहार्य भाग आहे. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली तर बॅटरी जोडलेल्या गाडीत ती तापते, आणि शेजारी पेट्रोलचा रबरी पाइपही कुरतडलेला असेल तर पुढचे सांगायला नको. बॅटरी पूर्ण चार्ज करून, काढून घरात ठेवली आणि महिन्यातून एकदा चार्ज केली तर उत्तम. दर आठवड्याला दहा मिनिटे गाडी जागेवर चालू करून ठेवण्याची सूचना आपल्याला कोणीतरी केली आहे. ती कृपा करून मानू नये. त्याने बॅटरी भरत नाही, तेलात ओल धरते, आणि थंडीच्या रात्री उंदराला ऊबदार इंजिन तेवढे मिळते. हां, विश्वासातले कोणी आठ दिवसांनी गाडी काढून पंधरा-वीस किलोमीटर चालवणार असेल, तर वरची निम्मी खटपट वाचेल. वापरातल्या गाडीत उंदराने घर केल्याचे मी क्वचित पाहिले आहे. आपल्या गावी तसे कोणी आहे का, हे आपणच जाणता. आपल्या गाडीला हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाची विजेवर चालणारी गाडी असेल तर त्यांनी केशरी रंगाच्या जाड केबलला स्वतः हात लावू नये; ती तारांची जोडणी अधिकृत सेवा केंद्राच्या माणसानेच पाहावी.

आता आपण विचारलेल्या वस्तूंकडे येतो. डांबर गोळ्यांचा वास उंदराला आवडत नाही हे खरे, पण उघड्या इंजिनात तो काही दिवसांत उडून जातो आणि बंद गाडीत तो इतका मुरतो की परतल्यावर आपणच आत बसू शकणार नाही. त्यातले नॅफ्थलीन श्वासावाटे घेणे माणसालाही घातक आहे, लहान मुलांना विशेष. आत ठेवू नयेत. तंबाखूची पाने, कापूर आणि पुदिन्याचे तेल आठवड्याला बदलले तर थोडा उपयोग होतो, पण पाच महिने कोण बदलणार? फवाऱ्यांचेही तेच. तिखटातला कॅप्सेसिन लावलेली चिकटपट्टी मात्र मला उपयोगाची वाटते. होंडा कंपनी अशी पट्टी विकते आणि ती कोणत्याही गाडीच्या वायरींवर गुंडाळता येते. गेल्या वर्षी जिथे कुरतडले तिथल्या आणि शेजारच्या वायरींवर ती गुंडाळून घ्यावी, हाताळताना हातमोजे घालावेत आणि त्या हाताने डोळे चोळू नयेत. ती दुसरी तटबंदी आहे, पहिली नव्हे. दात लावल्यावरच उंदराला तिचे तिखट कळते.

आवाजाच्या यंत्रावर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या उंच पट्टीचा आवाज बोनेट, इंजिन, बॅटरी यांच्या आड जात नाही, प्रत्येक वस्तूमागे त्याची सावली पडते, आणि उंदीर सावलीतच राहतो. शिवाय काही दिवसांत तो आवाजाला सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार असल्याशिवाय ते करू नयेत, अशी इशारापत्रे पाठवली होती. गाडीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र असेल तर ते पाच महिन्यांत बॅटरी संपवेल, आणि आपण तर बॅटरी काढूनच ठेवणार आहोत.

विषाबद्दल आपण विचारले नाही, पण गावी कोणीतरी सुचवेलच. ब्रोमाडायोलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात तो आपल्या घरी, म्हणजे आपल्या गाडीत, परत जातो. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली. माझ्या आवारात दुरुस्तीसाठी थांबलेल्या गाडीजवळ वड्या टाकल्या, पाचव्या दिवशी वास सुरू झाला, आणि ब्लोअरच्या नळीत अडकलेला उंदीर काढायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागला. दोन दिवसांची ती मजुरी मी अर्थातच गिऱ्हाइकाकडून घेतली नाही. शिवाय असा उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही जाते, आणि आपले फुकटचे राखणदार आपणच मारतो. पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी औषधे तर घरात आणूच नयेत. माणसाच्या पोटात गेली तर त्यांच्यावर नेमका उतारा नाही.

सापळे मात्र लावावेत, आणि ते गाडीत नव्हे, गाडीकडे येणाऱ्या वाटेवर. शेडच्या भिंतीलगत, उंदराच्या अंगाच्या तेलाचा काळपट चिकट पट्टा दिसतो तिथे, चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. आमिष म्हणून भाजलेले खोबरे किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा दोऱ्याने बांधावा, नुसता ठेवला तर तो अलगद उचलून नेतो. एक गोष्ट लोक हमखास विसरतात : मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. चाप पहिल्याच रात्री ताणून ठेवला तर तो त्याला वळसा घालून जातो, आणि ठोका चुकून नुसता लागून गेला तर पुन्हा जवळ येत नाही. म्हणून चार-पाच रात्री चाप न ताणता, आमिष बांधून तसाच ठेवावा. आमिष दोन रात्री लागोपाठ खाल्ले गेले की तिसऱ्या रात्री सगळे चाप एकदम ताणावेत. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीत होतात, तेव्हा पाच महिन्यांचा हिशेब आपणच करावा. जाण्यापूर्वी पकडलेला एक उंदीर जानेवारीत पकडलेल्या दहांच्या बरोबरीचा आहे.

मागे राहणाऱ्या माणसाला काय सांगावे, हे सर्वांत कमी विचार केलेले काम असते. ‘जरा लक्ष ठेवा’ एवढे सांगितले तर कोणीही लक्ष ठेवत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या घरी वहिनी आणि पुतण्या राहतात असे आपण लिहिले आहे. पुतण्याला दर रविवारी सकाळी एवढेच करायला सांगावे : आवरण उचलून बोनेट उघडायचे, बॅटरीच्या रिकाम्या जागेवरून, काचेखालून आणि इंजिनावरून असे तीन फोटो दर वेळी त्याच कोनातून काढायचे, रांगोळी पाहून नवी पसरायची, आणि फोटो आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. दोन आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की काथ्याचा एक धागाही नवा दिसतो. धागा दिसला तर तो त्याच दिवशी काढून टाकायचा आणि पुढचे चार दिवस रोज पाहायचे. घरटे पहिल्या आठवड्यात मोडले तर उंदीर बहुधा दुसरी जागा शोधतो, महिनाभर राहू दिले तर तो भांडतो.

विम्याविषयी थोडेच. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर उंदराच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मिळेल की नाही हे तिच्या शब्दांवर अवलंबून आहे. जाण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे, आणि ठेवतानाचे बोनेटखालचे फोटो तारखेसह जपावेत.

एप्रिलमध्ये परत आल्यावर घाईने किल्ली फिरवू नये. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या बिलांपैकी पुष्कळशी उंदराने केलेली नसतात, त्या पहिल्या किल्लीने केलेली असतात : इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात घरटे ओढले जाते, काथ्या हवेच्या वाटेने आत जातो, उघड्या तांब्याचे शॉर्ट होते. आधी लाल फीत पाहून दोन्ही घासण्या काढाव्यात. मग विजेरी घेऊन बोनेटखाली, पट्ट्याच्या बाजूने आणि खालून वाकून पाहावे. पेट्रोलचा वास येतो का ते नाक लावून पाहावे, आणि आला तर बॅटरी जोडूच नये. एअर फिल्टरचा डबा उघडावा, ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढून पाहावा. चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकचे रबरी पाइप आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या बारीक वायरी असतात, त्यांवर बोट फिरवावे. सगळे ठीक दिसले की बॅटरी जोडून, एसी बंद ठेवून इंजिन सुरू करावे आणि पाच मिनिटे डॅशबोर्डवरचे दिवे पाहावेत. एखादा दिवा विझला नाही तर गाडी ठाण्याला नेऊ नये, चिपळुणातच एखाद्या वायरमनकडून स्कॅनर लावून घ्यावा. घाट चढताना बंद पडलेली गाडी उतरवणे त्याहून महाग पडते.